कागद वाचायला माणसं पाहिजेत

(शतकमहोत्सवी सप्ताहाच्या सहाव्या दिवशी हरिपाठानंतर केलेलं भाषण. नातवानं मोबाईलवर घेतलं आणि उतरवून काढलं. बोलण्यातलं बोलण्यासारखंच ठेवलं आहे.)



उद्या काल्याचं कीर्तन आहे. त्यात मी हा विषय काढणार नाही. काल्याला सगळ्यांचं लक्ष लाह्या-दह्याच्या हंडीकडं असतं, बुवाकडं कोण बघतो? म्हणून आजच बोलून घेतो. माझी मागणी आहे. घाबरू नका, पैसे मागत नाही. पंगतीचं धान्यही गोळा झालंय. मला माणसं पाहिजेत. कागद वाचायला.

आता तुम्ही म्हणाल, बुवा स्वतः चौथी पास, आणि वाचायला माणसं मागतोय. बरोबर आहे. पण आधी ऐकून घ्या.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं होणार म्हटल्यावर दोन वर्षांपूर्वी बैठक झाली होती. वर्गणी बरी जमणार असं दिसत होतं. मग तिचं करायचं काय? निम्मे म्हणाले, गावाच्या वेशीला कमान बांधू, वर विठ्ठल-रखुमाई, खाली देणगीदारांची नावं. मीसुद्धा कमानीच्याच बाजूनं होतो, खोटं कशाला बोलू. मृदंगाचार्य म्हणाले, कमानीखालून आपण वर्षातून दोनदा जाणार, एकदा पौषात त्र्यंबकला आणि एकदा ज्येष्ठात पंढरीला. बाकीचे दिवस तिच्याखाली कुत्री बसणार. वाद बराच झाला, तो इथं सांगत नाही. शेवटी असं ठरलं की कमान करायची नाही. त्यातले काही पैसे बाजूला ठेवायचे, आणि आपल्या मुक्कामाच्या गावांत, वाटेवर, कॉलेजची पोरं जी सेवेची कामं करतात त्यांना द्यायचे. पण मागेल त्याला नाही. पोरांनी आधी लिहून द्यायचं, काम काय, कुठं, कोणासाठी, किती दिवस, किती खर्च. आणि ते आपण वाचून ठरवायचं.

ही पोरं कोण, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना म्हणून असते, पोरं तिला एनएसएस म्हणतात. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला ती सुरू झाली. तेव्हा देशातली ३७ विद्यापीठं आणि ४०,००० च्या आसपास पोरं होती. पोरानं दोन वर्षं काम करायचं, वर्षाला १२० तास, आणि एकदा सात दिवस गावात येऊन राहायचं. त्याला विशेष शिबिर म्हणतात. आपल्या गावात शाळेच्या खोल्यांत उतरतात, सकाळी फावडं घेऊन जातात, रात्री गाणी म्हणतात, ती हीच. आपली नाशिक जिल्ह्यातली बरीचशी कॉलेजं पुणे विद्यापीठात मोडतात. त्या विद्यापीठाची पोरं आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालखीमार्गावर निर्मल वारीचं काम करतात, हे तुमच्यातल्या काहींनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि २०२० चं नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून गावात जाऊन केलेल्या कामाला कॉलेजात अभ्यासाचे गुण धरायला लागलेत. म्हणजे नुसती सेवा नाही. सेवा करायची, आणि त्यातून वर्गातलं शिकायचंही. पाण्याचं शिकणाऱ्यानं विहिरी मोजायच्या, हिशोब शिकणाऱ्यानं बचत गटाच्या वह्या बघायच्या, असं.

चांगलंच आहे. पण चांगल्या कामाचा कागद कोणी वाचला नाही तर काय होतं, ते मी भोगलंय. भोगलंय म्हणजे दुसऱ्यांनी भोगलं, चूक माझी होती.

बरीच वर्षं झाली. एका कॉलेजचं शिबिर आमच्या गावाला आलं. सर मोठे बोलके होते. म्हणाले, बुवा, तुमच्या गायरानात पाचशे झाडं लावतो, फक्त गावाच्या वतीनं या पत्रावर सही करा. मी शेतातून आलो होतो, हात चिखलाचे. हात धुतले आणि सही केली. वाचलं नाही. झाडं लावायला कोण नको म्हणतो? पोरांनी खड्डे घेतले, झाडं लावली, भोवती काटेरी कुंपण केलं, फोटो काढले. शिबिर डिसेंबरात. पुढं जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. पाणी कोणी घालायचं? मी कॉलेजात गेलो विचारायला, तर त्यांनी माझीच सही दाखवली. त्यात लिहिलं होतं, तीन वर्षं झाडांना पाणी देण्याची जबाबदारी ग्रामस्थांची राहील. आता मार्चमध्ये आमच्याकडं माणसांना पाणी नसतं. एकूण एक झाड वाळलं.

झाडं वाळली त्याचं एक वेळ सोडून द्या. पण त्या गायरानात गावातलं एक कुटुंब शेळ्या चारत होतं. कुंपण घातलं तशी त्यांची चराई गेली. ते घर त्या उन्हाळ्यात निम्म्या शेळ्या विकून बसलं. ती बाई मला देवळासमोर भेटली आणि म्हणाली, बुवा, तुम्ही आम्हाला विचारलं का नाही? मला काही बोलता आलं नाही. त्या रात्री कीर्तन होतं माझं, भूतदयेवर. कसं केलं ते माझं मला ठाऊक.

तेव्हापासून मी कागद वाचतो. हळू वाचतो, बोट ठेवून वाचतो, पण वाचतो.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. पहिलंच वर्ष होतं, म्हणून आम्ही फार गाजावाजा केला नाही. सात अर्ज आले. वाचायला आम्ही पाच जण बसलो. मी, आपले विणेकरी, एक निवृत्त गुरुजी, एक तरुण पोरगा जो नाशकात कंपनीत कामाला आहे, आणि आपल्या दिंडीत तीस वर्षं डोक्यावर तुळस घेऊन चालणारी एक माउली. तिचं नाव घेत नाही, ती समोरच बसलीये आणि तिला आवडणार नाही. तिला वाचता येत नाही. तिला आम्ही वाचून दाखवायचो.

एक अर्ज होता, काय सांगू तुम्हाला. रंगीत पुठ्ठा, कॉम्प्युटरवर काढलेला, आत तक्ते. जनजागृती फेरी, पथनाट्य, फलक, टोप्या, बनियन. त्यातला निम्म्याहून जास्त खर्च टोप्या-बनियनचा. कोणाला जागं करायचं आणि कशाबद्दल, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. दुसरा एक अर्ज होता हातानं लिहिलेला, वहीचे दोन कागद फाडून. तीन मुलींचा. अक्षर बरं, पण शुद्धलेखनाचे बारा वाजलेले. गुरुजींनी लाल पेन काढलाच. म्हणाले, यात उद्दिष्ट लिहिलेलं नाही, हा बाजूला ठेवू.

त्या मुली आजीबरोबर दोन मुक्काम पालखीत चालल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं की मुक्कामाला आता फिरती शौचालयं येतात, चांगली सोय झाली. पण ती उभी करतात तळाच्या पार टोकाला. तिथं रात्री उजेड नसतो, वाटेत तंबूच्या दोऱ्या नि चिखल. म्हणून बाया दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, रात्री उठायला नको म्हणून. आणि मग दुसऱ्या दिवशी उन्हात चक्कर येऊन पडतात. त्यांना पाहिजे होते बॅटरीवरचे दिवे, वाटेला लावायला चुन्याच्या खुणा, आणि रात्री आळीपाळीनं जागणाऱ्या मुलींच्या जेवणाचा खर्च. आणि त्या लिहून ठेवणार होत्या की कुठल्या मुक्कामाला काय फरक पडला. सगळे मिळून ९,४०० रुपये.

मी हे वाचून दाखवलं. तुळसवाली माउली काही बोलेना. मी म्हणालो, काय झालं? तर म्हणाली, "बुवा, तीस वर्षं मी दुपारनंतर पाणी पीत नाही. हे मी घरात बी कोणाला सांगितलं नाही. या पोरींना कसं कळलं?"

मायबाप हो, मी या दिंडीत चाळीस वर्षं चालतोय. पुढं असतो, विण्याजवळ. मागं बायांच्या रांगेत काय चाललंय ते मला चाळीस वर्षांत कळलं नाही आणि त्या पोरींना दोन मुक्कामांत कळलं. गुरुजींनी पेन खिशात ठेवला. गुरुजी मोठे मनाचे, ते नंतर स्वतः त्या मुलींना भेटले आणि अर्ज कसा लिहावा ते शिकवलं.

तो अर्ज आम्ही मंजूर केला. सगळं सुरळीत झालं असं नाही. चार मुक्कामांना दिवे लागले, दोन मुक्कामांना पावसानं बॅटऱ्या भिजल्या आणि अंधारच राहिला. हे त्यांनी अहवालात स्वच्छ लिहिलं. आणखी एक लिहिलं ते मला फार आवडलं. पहिल्या मुक्कामाला त्यांनी बायांना पाण्याचं विचारलं ते पुरुषमंडळींच्या देखत. सगळ्या म्हणाल्या, काही त्रास नाही, माउलीची कृपा. दुसऱ्या मुक्कामाला त्या भाकरी थापायला बसल्या आणि थापता थापता विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं. हे शिकणं वर्गात बाकावर बसून कुठून मिळणार?

तर अर्ज वाचणं म्हणजे काय, ते आता कांद्यावरून सांगतो, म्हणजे आपल्याला लवकर कळेल. लासलगावला गाडी लावल्यावर व्यापारी काय करतो? वरचा कांदा बघतो का? वरचा आपण निवडून ठेवलेला असतो, लालभडक, एकसारखा. तो बाजूनं हात घालतो, खालचा काढतो, गोल्टी किती, सडका किती बघतो. आणि तरीसुद्धा खळ्यावर गाडी रिकामी करताना वांधा निघतोच. अर्जाचंही तसंच. पहिल्या पानावर सगळेच गावाचा कायापालट करतात. तुम्ही खाली हात घाला. पैसा कशावर जातोय? ज्यांच्यासाठी काम आहे त्यांना कोणी जाऊन विचारलं का, आणि विचारलं असेल तर ते काय म्हणाले? पोरं निघून गेल्यावर ते कोण चालवणार, आणि त्याला हे ठाऊक आहे का? माझ्या गायरानाच्या कागदात ही शेवटची गोष्ट लिहिलेली होती, फक्त ज्याच्या गळ्यात टाकली त्यानं वाचली नव्हती. आणि पोरं यातून शिकणार काय? नुसतं खड्डे खणायचे असतील तर जेसीबी स्वस्त पडतो.

प्रत्येक अर्ज तीन जणांनी वाचायचा. आपापल्या घरी, एकमेकांना न विचारता. दहापैकी गुण द्यायचे आणि दोन ओळी लिहायच्या, की का दिले. मग एकत्र बसायचं. गुणांत फार फरक आला तर त्यावर बोलायचं. ही पद्धत माझी नाही. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजचे सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आहेत, त्या सरांनी शिकवली. ते सांगत होते, अमेरिकेतसुद्धा सरकार सेवेच्या कामांना पैसे देतं तेव्हा अर्ज वाचायला बाहेरची माणसं बोलावतात, आणि अर्जदारांशी काही लागाबांधा आहे का ते आधी लिहून घेतात.

हे लागाबांध्याचं जरा ऐका, कारण इथं मी स्वतः घसरलो. गेल्या वर्षी एका पोराचा अर्ज होता. त्याचा चुलता माझ्या कीर्तनाला वीस वर्षं साथ करतो. मी त्याला दहापैकी नऊ दिले. बाकी दोघांनी चार आणि पाच. बैठकीत कंपनीवाल्या पोरानं मला सगळ्यांसमोर विचारलं, बुवा, नऊ कशाचे? मी पुन्हा वाचायला लागलो तर मला नऊ सापडेनात. मोठं ओशाळल्यासारखं झालं. म्हणून यंदा नियम केला आहे. नात्यातला, भावकीतला, गावातला, साथीदाराचा अर्ज ज्याच्याकडं येईल त्यानं तो न वाचता परत द्यायचा. यात कमीपणा नाही. गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठी किंवा घरच्या माणसांसाठी त्यातलं काही ठेवलं नाही. आपल्याला तर नुसता एक कागद परत करायचाय.

आणि ज्यांना नाही म्हणायचं त्यांनाही पत्र जायला पाहिजे, का नाही म्हणालो त्याचं. यावर मागं कंटाळा झाला होता. काही म्हणाले, पैसे देत नाही तर पत्र कशाला? त्या टोप्या-बनियनवाल्या पोरांना आम्ही लिहिलं होतं की टोप्या काढून टाका आणि ज्या वस्तीवर जाणार तिथल्या चार माणसांशी आधी बोला. यंदा त्याच पोरांचा पुन्हा अर्ज आलाय. टोप्या नाहीत. वस्तीवरच्या रेशनकार्डाचं काहीतरी आहे, मी अजून पुरतं वाचलेलं नाही. म्हणजे पत्र वाया गेलं नाही.

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणणार, आम्ही अडाणी, आम्ही काय पोरांची परीक्षा घेणार? तुम्हाला ग्रामस्वच्छता अभियान आठवतं का? आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री होते, २००० साली गाडगेबाबांच्या नावानं सुरू केलं. गावं तपासायला समित्या यायच्या, गुण द्यायच्या. आमच्या गावानं समिती यायच्या आदल्या दिवशी मुख्य रस्ता झाडला, रांगोळ्या काढल्या, पाहुण्यांना फेटे आणून ठेवले. समितीत एक म्हातारा शेतकरी होता, धोतर नेसलेला, माझ्यापेक्षाही कमी शिकलेला असावा. बाकीचे रांगोळीवरून चालले आणि हा बाबा म्हणाला, मी जरा मागून जाऊन येतो. पांदीनं गेला. परत आला तेव्हा पायांना काय लागलं होतं ते सप्ताहात सांगत नाही. आम्हाला गुण मिळाले थोडे, आणि राग आला पुष्कळ. पण पुढं गावानं संडास बांधले ते त्याच्यामुळंच. त्याला पांदीचं कसं कळलं? तो पुस्तकातून शिकून आला नव्हता. त्याच्या गावालाही पांद होती.

मला अशीच माणसं पाहिजेत. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं, ज्याला येत नाही त्याला नातवंडानं वाचून दाखवावं. शिकलेल्यांनीही यावं, त्यांना मी काही नको म्हणत नाही. खर्चाच्या बेरजा त्यांनीच तपासायच्या, कारण गेल्या वर्षी एका अर्जात बेरीज ३,००० रुपयांनी चुकली होती आणि ती आमच्यातल्या चौघांच्या नजरेतून सुटली.

हिशोब सांगतो. यंदा २८ अर्ज आलेत. प्रत्येक तिघांनी वाचायचा म्हणजे ८४ वाचनं. एका माणसाला सातच्या वर देऊ नयेत, डोकं चालत नाही. म्हणजे १२ माणसं. जुने आम्ही पाच होतो, विणेकऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, म्हणजे चार. आठ नवी पाहिजेत. त्या आठांत निम्म्या तरी बाया पाहिजेत, आणि एखाद-दुसरं मुक्कामाच्या गावातलं पाहिजे, सिन्नरकडचं किंवा पुढं नगर जिल्ह्यातलं, कारण आपण तिथं एक रात्र राहतो आणि निघून जातो, काम तिथल्यांच्या दारात होणार असतं. मानधन नाही. बैठकीच्या दिवशी पिठलं-भाकरी आहे. सात अर्जांना दोन दुपारी पुरतात आणि शेवटी एक अख्खा दिवस बसायचं. सध्या उन्हाळ कांद्याच्या लागणी चालल्यात, मजूर मिळत नाहीत, मला सगळं ठाऊक आहे, माझंही दीड एकर लावायचं राहिलंय. म्हणून बैठक पौषवारीच्या आधीच्या रविवारी ठेवलीये, तोवर लागणी उरकतील. निकाल त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत तळावर सांगू, म्हणजे पोरांना ज्येष्ठात पालखी निघेपर्यंत तयारीला वेळ मिळेल.

एक राहिलं. ज्याला वाटतं की वाचून झाल्यावर तुझं काय माझं काय म्हणून बाहेर सांगत फिरावं, त्यानं येऊ नये. अमक्या पोरीला तमक्यानं चार दिले, असं पारावर बोललेलं मला चालणार नाही. बैठकीतलं बैठकीत.

नावं आज पंगतीच्या आधी गुरुजींकडं द्या, ते मंडपाच्या डाव्या खांबाशी वही घेऊन बसलेत. मुलाच्या नावानं वडिलांनी नाव देऊ नये आणि सुनेच्या नावानं सासूनं देऊ नये, ज्याला यायचं त्यानं स्वतः उठून जावं. ज्यांचे चष्मे फुटलेत त्यांनी बैठकीच्या आधी नवे करून घ्या. आणि त्या शेळ्यावाल्या घरातल्या बाईला मी स्वतः जाऊन विचारलंय. ती म्हणाली, विचार करते. अजून तिचा होकार आलेला नाही, पण वहीत तिच्यासाठी एक ओळ मोकळी सोडायला गुरुजींना सांगितलंय.

चला, टाळ उचला.